दोरीवरचं इंग्रजी

बोईसरजवळच्या सरावलीत एका चाळीच्या टोकाच्या खोलीत मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. दिवसा पालघरच्या शाळेत शिकवतो, शाळा सुटली की बोईसरला येतो. वर्गाला येणारे सगळे कारखान्यांतले. कोणी हेल्पर, कोणी पॅकिंगला, कोणी वॉचमन. कोणी बिहारचा, कोणी विक्रमगडकडच्या पाड्यावरचा. त्यांना व्याकरण नको असतं, बोलता यायला हवं असतं. पण थोडं व्याकरण आल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही, म्हणून तेही शिकवतो. या वर्गाला माझा एकच नियम आहे. कोणी एका सुरात काही म्हणायचं नाही. ज्याला विचारलं त्याने एकट्याने उत्तर द्यायचं.

मागच्या हिवाळ्यात मोडल ऑक्झिलरीचा धडा आला. कॅन, कुड, विल, वुड. हा धडा मी दर बॅचला जमेल तितका पुढे ढकलतो आणि मग एकदाचा फळ्यावर लिहून टाकतो. त्या दिवशी फळ्याकडे तोंड करून लिहीत होतो, तर मागून एक हेल्पर म्हणाला, "सर, ये तो जोडी-जोडी में है. याद करना आसान है." आणि त्याने गंमत म्हणून आवाज दिला, "कॅन." बाकीचे हसत एकदम म्हणाले, "कुड." तो म्हणाला, "विल." ते म्हणाले, "वुड." वर पत्र्याचं छप्पर. आवाज खोलीत घुमला आणि तिथेच राहिला.

मी खडू ठेवला आणि बाहेर आलो. नळापाशी बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यापलीकडे भिंतीला टेकून उभा राहिलो. तो हेल्पर मागोमाग आला.

"सर, कुछ गलत बोला क्या?"

"नहीं. सही बोला."

"तो फिर?"

"एक-एक करके बोलो. बस."

तो मान हलवून आत गेला. भला माणूस आहे, पुन्हा विचारलं नाही. त्याला जे सांगता आलं नाही ते इथे लिहितो आहे.

चिंचणीच्या शाळेत मी नोकरीला लागलो तेव्हा ऐंशी साल उजाडायचं होतं. पालघरचा मुलगा, बी.ए. झालेला, इंग्रजी विषय घेऊन. मासे खायला आवडायचे, पण समुद्राशी माझा संबंध तेवढाच. गावात खोली घेतली. खिडकीतून सुरूची झाडं दिसायची, दक्षिणेला दूरवर अणुवीज केंद्राची चिमणी. शाळेतल्या मुलांबरोबर हळूहळू मोठी मुलंही माझ्याकडे येऊ लागली. दहावीला इंग्रजीत नापास झालेली. त्या वेळी किनाऱ्यावरच्या प्रत्येक आळीत अशी चार-दोन पोरं असायचीच. गणित सुटायचं, इतिहास सुटायचा, इंग्रजी राहायचं. तिकडे बोईसरला एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि दारावर पहिला प्रश्न विचारला जायचा तो हाच, दहावी पास आहेस का.

त्यांच्यासाठी मी शाळेच्या ओट्यावर संध्याकाळचा वर्ग सुरू केला. फी घेत नव्हतो, तरी माझ्या खोलीच्या दाराशी अधूनमधून केळीच्या पानात गुंडाळलेले मासे मिळायचे. वर्गाचं वेळापत्रक मी ठरवलं नव्हतं, ते भरती-ओहोटीने ठरवलं होतं. पाण्याला ओढ नसलेले भांगेचे दिवस आले की होड्या घरी आणि ओटा भरलेला. पुनवेला, अवसेला उधाण आलं की माझ्यासमोर फक्त शाळेचा कुत्रा. पंचांग बघून धडे आखणारा इंग्रजीचा मास्तर जिल्ह्यात मी एकटाच असेन.

त्या वर्गात एक होता, माझ्याच वयाचा, फार तर वर्षा-दोन वर्षांनी लहान. बाप तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, सुकाणू धरणारा. हा त्याचा थोरला मुलगा. धाकटी भावंडं अजून शाळेत होती. त्याला होडीवर राहायचं नव्हतं. भीती म्हणून नव्हे, दर्यात तो चांगला होता. त्याला यंत्रं आवडायची. होडीचं इंजिन बिघडलं की तो ते उघडून बसे आणि जेवायला उठत नसे. बोईसरच्या एका कारखान्यातल्या ओळखीच्या फिटरने त्याला सांगितलं होतं, दहावीचं सर्टिफिकेट आण, मग मी साहेबाकडे शब्द टाकतो. म्हणजे त्याच्या आणि त्या नोकरीच्या मध्ये फक्त इंग्रजीचा एक पेपर होता. ऑक्टोबरची परीक्षा. आधी दोनदा बसून तो दोन्हीदा थोडक्यात राहिला होता. बापाने शब्द दिला होता, या खेपेला पास झालास तर जा, मी दुसरा माणूस बघेन. नाय झालास तर पुन्हा विषय काढायचा नाय.

मला तो फार आवडायचा. मास्तराने एक विद्यार्थी जास्त आवडून घेऊ नये, पण मी घेतला.

मोडल ऑक्झिलरीचा धडा सगळ्यांना अवघड जायचा. साधी क्रियापदं त्यांनी पाठ केली होती. तो येतो म्हटलं की शेवटी एस लागतो, हे कसंबसं डोक्यात बसलं होतं. आता मी सांगत होतो की कॅनला एस लागत नाही, आणि त्याच्या पुढच्या क्रियापदालाही नाही. मी असो, तू असो, तो असो, ही क्रियापदं कोणासाठी बदलत नाहीत.

"म्हणजे आमच्या तांडेलासारखी," एक जण म्हणाला.

"आन मे म्हणजे काय, सर?"

"मे म्हणजे परवानगी. किंवा कदाचित."

"आन मस्ट?"

"मस्ट म्हणजे करायलाच हवं. सुटका नाही."

"मग लग्न झालेल्याला मे शिकवून काय फायदा?" मागून कोणीतरी म्हणालं. नुकतंच लग्न झालेला एक जण तिथे होता, त्याचे कान लाल झाले. "हा घरी जाऊन विचारतो, मे आय कम इन. ती आतून सांगते, यू मस्ट."

हसणं ओसरलं की मी पुन्हा फळ्यावर लिहायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं कोरं. कॅनची जोडी वुडशी लागायची, शॅलची माइटशी. थोरला मुलगा डोकं धरून बसायचा. "सर, इंजिनात कुठला नट कुठं, ते एकदा बघून राहतं. ह्याला धरायला कायच नाय."

एका सकाळी मी किनाऱ्यावर उभा होतो. होड्या साफ करायला वर ओढत होते. वाळूत गोल ओंडके आडवे टाकलेले, होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, जाड दोर, दोराला दोन्ही बाजूंनी माणसं. एक जण हाळी देत होता, बाकीचे तिला उत्तर देत होते, आणि एवढी जड होडी बोट-बोट वर सरकत होती. हाळीतले शब्द मला नीट कळत नव्हते. पहिली हाळी देवीच्या नावाची असायची, पुढे नुसते सूर. पण ताल कानात बसला. एक आवाज पुढून, एक आवाज मागून. मी खोलीवर येईपर्यंत माझ्या डोक्यात ते लागलेलं होतं.

संध्याकाळी ओट्यावर मी सांगितलं, "तुम्हाला धरायला काही नाही म्हणता ना. मग हे दोरीवर लावा. एकाने म्हणायचं कॅन, बाकीच्यांनी कुड. होडी ओढता तसं."

आधी हसले. मग थोरल्याने उभं राहून, हात दोरावर असल्यासारखे धरून, खरोखरच्या हाळीच्या आवाजात म्हटलं, "कॅऽऽन." आणि ओटा दणाणला, "कुड." विल, वुड. शॅल, शुड. मे, माइट. जाताना सुरूच्या बनातून त्यांचा आवाज ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी मी एकेकाला उभं करून विचारलं. एकाचंही चुकलं नाही.

असा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, नंतरही नाही. पालघरला घरी गेलो की हेच सांगत सुटायचो. कोणीतरी पुस्तकात लिहावं असं काहीतरी मला सापडलं आहे असं वाटायचं.

ते ओट्यावर राहिलं नाही. पोरांनी ते खरंच दोरीवर नेलं. आधी चेष्टा म्हणून, लहान होड्यांना. मग कोणतीही होडी ओढताना तरुण पोरं जमली की तेच. हाळी थोरलाच द्यायचा, त्याचा आवाज मोठा होता. मासे विकायला बसलेल्या बायका म्हणायच्या, "इंग्लंडची होडी आली बघ." मी मुद्दाम फिरायला त्या बाजूने जायचो.

तिथला एक रिवाज मी तेव्हा पाहिला. होडी वर आली की दोरीला ज्याने ज्याने हात लावला त्याला वाटा मिळायचा. टोपलीतले मूठभर मासे, कमी-जास्त, पण मिळायचेच. शेजारचा असो, वाटसरू असो. मी कधीच दोरीला हात लावला नाही. चप्पल हातात धरून कोरड्या वाळूत उभा राहायचो. तरी मलाही मासे देत. "मास्तरचा वाटा," असं म्हणून हसत. मीही हसून घ्यायचो.

तांडेल एकदा माझ्यापाशी येऊन उभा राहिला. कमी बोलणारा, कानात सोन्याची बाळी, डोळे कायम बारीक केलेले.

"मास्तर, पोरगा पास होईल काय?"

"होईल, तांडेल. यंदा नक्की."

"बरं." मग पाण्याकडे बघत तो म्हणाला, "शाळेतलं शाळेत ठेवा. दोरीवर नको."

"का? गंमत आहे. लक्षातही राहतं त्यांच्या."

"दोरीला एकच तोंड पायजे, मास्तर."

मी हसलो. मला वाटलं देवीची हाळी सोडून इंग्रजी म्हणतात म्हणून म्हाताऱ्याला वाईट वाटतं. मी त्याला समजावलं की पहिली हाळी पोरं देवीचीच देतात, मी स्वतः ऐकलं आहे. तो मान हलवून गेला. त्याला देवीबद्दल बोलायचं नव्हतं. ते मला फार उशिरा कळलं.

जुन्या हाळीत जोर हाळी देणाऱ्याच्या आवाजावर असतो. त्याचा सूर चढतो तेव्हा ओढायचं, आणि उत्तर द्यायचं ते पाय पुढे-मागे रोवताना, श्वास सोडताना. पोरांच्या इंग्रजीत उलटं झालं होतं. त्यांना कुड म्हणायची मजा वाटे, वुड म्हणायची मजा वाटे, म्हणून ती उत्तरावर ओढत. सगळी तरुण पोरं असली की काही बिघडत नव्हतं, सगळी एकदमच उशिरा ओढायची. मी ताल ऐकला होता. जोर कुठे येतो ते पाहिलं नव्हतं. ज्याने दोर हातात धरलाच नाही त्याला ते दिसणार कसं.

हस्ताचा पाऊस त्या वर्षी वाईट लागला. परीक्षा तोंडावर आली होती. दुपारी आभाळ भरून आलं, वारा फिरला आणि उधाणाचं पाणी चढायला लागलं. होड्या भराभर वर घ्यायच्या होत्या. शाळा लवकर सुटली आणि मी सवयीने किनाऱ्यावर गेलो. अख्खी आळी उतरली होती. म्हातारे, पोरं, मुंबईहून सुट्टीवर आलेले. तांडेलाच्या होडीच्या दोरीला सगळे मिळेल त्या जागी लागले, पुढे म्हातारे, मध्ये पोरं, पुन्हा म्हातारे. थोरला हाळीला. तांडेल होडीच्या बगलेला वाकून ओंडके पुढे घालत होता. ते काम तो दुसऱ्याला करू देत नसे.

देवीची हाळी झाली. होडी हलली. मग थोरल्याने सवयीने आवाज दिला, "कॅऽऽन."

म्हाताऱ्यांनी आवाजावर ओढलं. पोरांनी ओढलं नाही, ती उत्तराची वाट बघत होती. होडी थोडी चढली आणि म्हाताऱ्यांनी पाय रोवायला दोर सैल केला. त्याच क्षणी पोरं "कुड" म्हणून एकटीच ओढत होती. त्यांना होडी पेलली नाही. ती ओंडक्यावरून मागे घसरली, ओंडका फिरला आणि तांडेलाचा पाय त्याच्याखाली गेला.

वाऱ्यात मला ओरडणं ऐकू आलं नाही. दोरीवरची माणसं थांबली आणि सगळी तोंडं एका बाजूला वळली, एवढंच दिसलं. पाणी होडीच्या मागच्या टोकाला लागायला लागलं होतं. त्याला सोडवायचं तर होडी पुढे ओढायलाच हवी होती, आणि ओढायची तर हाळी हवी होती. थोरल्याचं तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज येत नव्हता.

मग हाळी आली. होडीखालून. तांडेलाने स्वतः दिली. वाळूत पडून, पाय ओंडक्याखाली, जुनी हाळी, लांब सुराची. सगळे त्याच्या आवाजावर ओढायला लागले. त्याने पुन्हा दिली. पुन्हा ओढलं. होडी वर गेली, पाय मोकळा झाला, आणि मगच तो गप्प झाला.

मी कोरड्या वाळूत होतो. चप्पल माझ्या हातात होती.

त्याला डहाणूला नेलं. पाय वाचला, पण वाकडा बसला. तांडेल पुन्हा होडीत उभा राहू शकला नाही. उभं राहणं म्हणजेच तर त्याचं काम.

पेपरच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. थोरला ओट्यावर जाळं पुढ्यात घेऊन बसला होता. आत त्याची आई आल्यागेल्याला चहा देत होती. तिने मलाही कप आणून दिला, "बसा मास्तर" म्हणाली. तिच्या आवाजात काही वेगळं नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

"उद्या पेपर आहे," मी म्हटलं. "सकाळची एस.टी. गाठली तर वेळेत पोचशील. मी येतो बरोबर."

"नाय सर. मी नाय बसत."

"एका दिवसाचा प्रश्न आहे."

"होडी कोण नेईल?" तो जाळ्याकडे बघत म्हणाला. "बाबा आता नाय जाणार. ही बारकी कवा मोठी व्हायची? पास होऊन काय करू?"

"मार्चमध्ये बस मग."

"बघू."

मला सांगायचं होतं. त्यासाठीच गेलो होतो. मी म्हटलं, "ते दोरीवरचं मी सुचवलं होतं."

त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "तुमी वर्गात शिकवलंत. हाळी माझी होती सर. म्हातारी माणसं दोरीवर हायत ते मला दिसत होतं. तुमचा काय संबंध?"

खरं सांगायचं तर त्याच्या त्या वाक्याने मला सुटल्यासारखं वाटलं. चहा संपवला, कप खाली ठेवला आणि उठलो. त्या सुटल्यासारखं वाटण्यातून मी आजवर सुटलेलो नाही.

मार्चला तो बसला नाही. पुढच्या ऑक्टोबरलाही नाही. पहिली एक-दोन वर्षं मी भेटलो की परीक्षेचा विषय काढायचो, तो "बघू" म्हणायचा. मग मीच त्या बाजूने जाणं कमी केलं. ओट्यावरचा वर्ग चालू होता, पण मोडलचा धडा मी फळ्यावर लिहून द्यायचो, तोंडी घ्यायचो नाही. किनाऱ्यावर पुन्हा जुनी हाळी सुरू झाली होती. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी कोणाला बोललंही नाही. फक्त लहान पोरं वाळूत खेळण्यातली होडी ओढताना मधूनच कॅन, कुड म्हणायची आणि कोणीतरी मोठं त्यांच्या पाठीत धपाटा घालायचं.

काही वर्षांनी पालघरच्या शाळेत जागा निघाली. मी अर्ज केला आणि निघून आलो. लोकांना वाटलं, घरच्या ओढीने गेला.

पण ते माझ्याबरोबर आलं. एस.टी.त चढताना मागच्या माणसाने "चला चला" म्हटलं तरी माझ्या मनात पुढचा शब्द तयार असतो. बोईसरला ट्रकमधून पाइप उतरवणारे मजूर आपला सूर लावतात तेव्हा मी रस्ता ओलांडतो. वर्गात एखादा विद्यार्थी एकटाच, हळू आवाजात "कॅन" म्हणतो आणि मी त्याचं पुढचं वाक्य ऐकतच नाही, मी उत्तराची वाट बघत असतो. आणि कधी कधी या सगळ्याच्या खालून ती दुसरी, लांब सुराची हाळी येते, होडीखालून दिलेली. तिचे शब्द मला अजूनही कळत नाहीत.

सरावलीच्या वर्गातून बाहेर येऊन नळापाशी उभा राहिलो, त्यानंतरच्या रविवारी मी चिंचणीला गेलो. बायकोला सांगितलं, एका जुन्या विद्यार्थ्याला भेटायचं आहे.

तो किनाऱ्यावरच होता. आता तोच तांडेल. केस पिकायला लागलेले, डोळे बापासारखे बारीक केलेले. मोठ्या होड्या आता खाडीत नांगरतात, पण त्याची ही होडी लहान होती, ती वर ओढायचीच होती. मला बघून हसला. लांबूनच हाक मारली, "सर, वाट चुकलात काय?"

त्याचा बाप जाऊन काही वर्षं झाली होती. मला कळवलं नव्हतं. कळवायचं त्याला सुचलंही नसेल. मुलगी दहावीला होती. "इंग्रजीत हुशार हाय," तो म्हणाला. "माझ्यावर नाय गेली."

आम्ही होडीच्या सावलीत बसलो. मी पुन्हा सांगितलं, या वेळी पूर्ण. बाप माझ्यापाशी येऊन काय म्हणाला होता, मी कसा हसलो होतो, जोर कुठे येतो ते मी कधी पाहिलंच नव्हतं. माझं झाल्यावर त्याने वाळू मुठीत घेतली आणि सोडली.

"बाबा तुमाला पण बोलले होते?"

"हो."

"मला पण. दोनदा." त्याने हातावरची वाळू झटकली. "सर, खरं सांगू? ते अजून पाठ हाय मला सगळं. दर्यात एकटा असलो ना, आपोआप तोंडात येतं. मे, माइट. मग मी इंजिनाचा आवाज वाढवतो."

इतकी वर्षं मला वाटत होतं की ते फक्त माझ्या डोक्यात आहे.

"चूक माझी होती," मी म्हटलं.

"नाय." तो शांतपणे म्हणाला. भांडत नव्हता, एखादा हिशेब चुकला तर दुरुस्त करावा तसं. "तुमी दोरीवर नव्हता सर. त्या दिवशी दोरीला ज्यांचा हात होता त्यांचं ते हाय. " त्याने वाळूत जाळी झटकणाऱ्या दोघांकडे हात केला. "माझं हाय, ह्याचं हाय, त्या पलीकडच्याचं हाय. आमी ते वाटून घेतलं. तुमी तर वर उभे होता."

तो मला मोकळं करत होता. मला वाटलं, कोणीतरी मला घराबाहेर काढून आतून कडी घालतं आहे.

माणसं जमायला लागली. वीस वर्षांपूर्वी लग्नावरून ज्याची चेष्टा झाली होती तोही होता, पोट सुटलेला. "मास्तर, मे आय कम इन," तो म्हणाला आणि एक-दोघं हसली. ओंडके टाकले गेले. दोर उचलला गेला. थोरला, त्याला मी अजून थोरलाच म्हणतो, हाळीला उभा राहिला.

मी चप्पल काढली आणि वाळूत ठेवली. मग शेवटच्या माणसाच्या मागे जाऊन दोर धरला. ओला, खरखरीत, मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ जाड. थोरल्याने माझ्याकडे बघितलं, मग समोर बघितलं आणि हाळी दिली.

मी उशिरा ओढलं. सगळ्यांचं ओढून झालं होतं, ते उत्तर देत होते आणि मी एकटाच ताणत होतो. पुढच्या माणसाने मागे न वळता सांगितलं, "आवाजावर ओढा, मास्तर. मागून नाय." दुसऱ्या हाळीलाही माझं चुकलं. तिसऱ्यापासून मी शब्दांची वाट बघणं सोडलं आणि त्याचा सूर चढला की ओढायला लागलो. तळहात सोलून निघत होते. होडी सरकते तेव्हा दोरातून एक थरथर येते, ती मला तोपर्यंत माहीत नव्हती. इतक्या लोकांचा जोर आणि तुमचा जोर वेगळा करता येत नाही.

होडी वर आली. तो टोपलीपाशी बसून वाटे करत होता. प्रत्येक जण आपापलं उचलून घेऊन जात होता. मी चप्पल शोधत होतो.

"सर, पिशवी हाय काय?"

मी पिशवी पुढे केली. त्याने त्यात बोंबील टाकले, बाकीच्यांना दिले तेवढेच. या खेपेला कोणी हसलं नाही.

"घ्या," तो म्हणाला. "हात लागला तुमचा."

बोईसरपर्यंतच्या एस.टी.त पिशवीतून पाणी गळत होतं आणि शेजारचा माणूस पाय आखडून बसला होता. कान मोकळे झाले नव्हते. इंजिनाच्या घरघरीत ते होतंच, कॅन, कुड, विल, वुड, नेहमीसारखं. तळहात मात्र जळत होते, ते नवीन होतं.

घरी बायकोने पिशवी उघडून बघितली.

"एवढे बोंबील? विद्यार्थ्याने दिले?"

"वाट्याचे आहेत," मी म्हटलं.

"तुमचा कसला वाटा?"

ती विळी घेऊन बसली. मी तिच्यासमोर पाट ओढून बसलो आणि सांगायला लागलो.